रणगाड्याचा पस्तिसावा हिस्सा

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी अंगणात किल्ले उभे राहतात. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलाचा लेप, मोहरी पेरून उगवलेली हिरवळ आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले शिवाजीमहाराज. या किल्ल्याच्या दरवाजावर जो मावळा पहारा करतो तो बहुधा दरवाजाहून उंच असतो, आणि पायथ्याच्या तळ्यातले बदक तर महाराजांच्या हत्तीला भारी असते. कोणतेही मूल याबद्दल तक्रार करीत नाही, आणि करूही नये. कारण तो किल्ला मोजमापाचा नव्हे, भक्तीचा आहे.

पण समजा, एखाद्याने ठरवले की मावळा आणि दरवाजा यांचे प्रमाण खरे हवे. दरवाजा पस्तीसपट लहान केला तर मावळाही पस्तीसपटच लहान हवा. साडेपाच फुटांचा माणूस मग पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या करंगळीपेक्षा थोडा लहान. इथपर्यंत ठीक. परंतु एकदा हे व्रत घेतले की दरवाजावरचे खिळे किती, बिजागऱ्या कोणत्या, आणि मुख्य म्हणजे हा दरवाजा कोणत्या सालचा, हे सगळे प्रश्न दत्त म्हणून पुढे उभे राहतात. खेळ संपतो आणि इतिहास सुरू होतो. प्लॅस्टिकचे छोटे रणगाडे जोडणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींचे गेल्या साठ वर्षांत नेमके हेच झाले. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

पस्तिसावा हिस्सा मी उगीच घेतला नाही. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १:३५ हे प्रमाण आज जगभर रूढ आहे. तुम्हाला वाटेल, कोणा शास्त्रज्ञांच्या समितीने बसून ते ठरवले असेल. तसे काही नाही. जपानात शिझुओका गावी योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकडाची वखार काढली. पुढे तीच मंडळी लाकडी खेळणी आणि प्रतिकृती करू लागली. प्लॅस्टिकचा जमाना आला तेव्हा १९६० साली त्यांनी 'यामातो' या युद्धनौकेचे किट काढले. पण दुसऱ्याने तीच नौका स्वस्तात आणल्यामुळे तो डाव फसला. मग योशिओंचे चिरंजीव शुन्साकु यांनी १९६१ साली जर्मनांचा 'पँथर' रणगाडा हाती घेतला. त्याच्या पोटात विजेची मोटार बसवायची होती, म्हणजे बॅटऱ्याही आल्या. दोन बॅटऱ्या आत मावतील एवढे पोट ठेवले आणि बाकीचा रणगाडा त्या पोटाभोवती आखला. किट तुफान खपले. त्याच मापात आणखी रणगाडे काढू या, असे ठरले तेव्हा पहिल्याचे माप घेऊन पाहिले, तर ते मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळपास भरले! शुन्साकु तामिया यांनी आपल्या आठवणींत ही गोष्ट मोकळेपणाने सांगून ठेवली आहे. २०२५ साली, नव्वदाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या बॅटऱ्यांनी ठरवलेले माप मात्र त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनीही उचलले होते.

मोटारीने आणखीही काही केले. त्या काळच्या पुष्कळ किटांच्या तळाला बटणासाठी आणि तारांसाठी भोके असत. पट्टे रबरासारख्या मऊ पदार्थाचे, सलग एकाच पट्टीचे. दोन टोके तापलेल्या पेचकसाने दाबून चिकटवायची. चाके फिरली पाहिजेत, गाडी उशीवर चढली पाहिजे, ही खरी अपेक्षा. खोक्यावरचे चित्र मात्र काय विचारता! शिगेरु कोमात्सुझाकी या नामांकित चित्रकाराने पँथर असा रंगवला होता की धुराळ्यातून तो आता अंगावर येतो की काय असे वाटावे. आपल्या शब्दांत सांगायचे तर खोक्यावर बखर होती आणि आत खेळणे.

बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. राजवाड्यांच्या पिढीने आपल्याला एक खोड लावून ठेवली आहे: कागद समोर आला की आधी तारीख पाहायची, जंत्रीशी ताडायची, आणि मगच मजकुरावर विश्वास ठेवायचा. रणगाड्याच्या हौशी लोकांना ही खोड कोणी शिकवली नाही. ती त्यांना आपोआप लागली, आणि ती लागली म्हणूनच जोडभागांचा बाजार उभा राहिला.

हे जोडभाग म्हणजे काय ते सांगतो. मूळ किट एका कंपनीचे. त्यातले भाग ठोकळ किंवा चुकीचे वाटले तर ते काढून टाकून त्या जागी दुसऱ्याच कोणी केलेले अधिक बारीक भाग बसवायचे. इंग्रजीत याला आफ्टरमार्केट म्हणतात, मी आपला जोडभाग म्हणतो. आरंभी हा सगळा घरचाच मामला होता. टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा पत्रा कापून मडगार्ड करायचे, किटाच्या उरलेल्या काड्या मेणबत्तीवर तापवून ओढायच्या आणि त्या केसाएवढ्या तारेचा एरियल करायचा. सत्तरच्या दशकात शेपर्ड पेन या अमेरिकन कलावंताने 'मोनोग्राम' कंपनीच्या खोक्यांतून छोटी पत्रके देऊन अशा युक्त्या पोरासोरांपर्यंत पोचवल्या. पुढे बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी रेझिनचे भाग ओतून विकायला सुरुवात केली, आणि ज्यांना घरी हात काळे करायचे नव्हते त्यांची सोय झाली.

पण खरी क्रांती केली पितळाच्या पत्र्याने. त्याची गरज का पडली, याचे गणित फार मजेदार आहे. पँथरच्या दोन्ही बाजूंना, पट्ट्यांच्या वर, लोखंडी पत्र्यांचे पाखे टांगलेले असत. त्यांची जाडी ५ मिलिमीटर. पस्तीसने भागा: साधारण सातांश मिलिमीटर. आता प्लॅस्टिक साच्यात दाबून भरायचे म्हटले तर पाऊण मिलिमीटरपेक्षा पातळ मोठा भाग नीट भरत नाही. पाऊण मिलिमीटरला पस्तीसने गुणा: सव्वीस मिलिमीटर! म्हणजे मुळात जो पत्रा इतका पातळ, तो प्रतिकृतीत रणगाड्याच्या बाजूच्या चिलखताच्या निम्म्याहून अधिक जाड होऊन बसतो. कारण पँथरच्या बाजूचे खरे चिलखतच ४० मिलिमीटरचे होते.

आणि इथे केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही. तो पत्रा पातळ का होता, हाच तर इतिहास आहे. रशियन पायदळाजवळ १४.५ मिलिमीटरच्या रणगाडाभेदी बंदुका होत्या. समोरचे जाड चिलखत त्या भेदू शकत नसत, पण जवळून बाजूवर मारा केला तर काम होई. ती गोळी आधी एका पातळ पत्र्यातून गेली की तिचा नेम वाकडा होतो आणि जोर कमी होतो. मग आतले चिलखत तग धरते. एवढ्यासाठी १९४३ पासून हे पाखे आले. जाड प्लॅस्टिकचा पाखा पाहणाऱ्याला वाटते, जर्मनांनी आणखी एक चिलखत चढवले. सातांश मिलिमीटरचा पितळी पत्रा पाहिला की कळते, हा घाईचा, स्वस्तातला, शत्रूच्या एका साध्या बंदुकीला भिऊन काढलेला तोडगा होता. दोन्ही रणगाडे तोच, अर्थ मात्र उलटा.

हा पत्रा करतात कसा? जुन्या छापखान्यांत चित्रांचे जस्ताचे ब्लॉक ज्यांनी पाहिले असतील त्यांना चटकन समजेल. पितळाच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला जागणारा लेप द्यायचा, वर आराखड्याची फिल्म ठेवून उजेड दाखवायचा, कच्चा राहिलेला लेप धुऊन टाकायचा आणि पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावात सोडायचा. उघडे राहिलेले पितळ तो द्राव खातो. उरतात ते जाळ्या, कड्या, बिजागऱ्या, कातरकामासारखे. या कामात पुढे चेक आणि पोलिश कारखानदारांनी नाव काढले. चेक देशातली 'एडुआर्ड' ही कंपनी १९८९ सालची. पोलादी पडदा कोसळला त्याच वर्षी तिथे नाझी आणि रशियन यंत्रांचे बारीक भाग विकायला निघाले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

तोफेच्या नळीचेही असेच. प्लॅस्टिकची नळी दोन उभ्या फाकांची. जोडून कानसली की ती हमखास लंबगोल होते. म्हणून कातकामावर ओढलेली अॅल्युमिनियमची नळी आली. पँथरची तोफ ७५ मिलिमीटर व्यासाची आणि त्याच्या सत्तरपट लांब. म्हणजे सव्वापाच मीटर, आणि प्रतिकृतीत बरोबर १५० मिलिमीटर. पट्ट्यांसाठी पांढऱ्या धातूच्या सुट्या कड्या मिळतात. पँथरच्या एका बाजूला ८६, दोन्ही मिळून १७२. प्रत्येक कडीत तार घालून ओवायची. एवढा खटाटोप कशाला? तर खरा पट्टा जड असतो. तो आपल्या वजनाने चाकांवर ओळंबतो. मऊ पट्टी ताणलेली राहते, हवेत तरंगते, आणि पंचेचाळीस टनांचे धूड पत्र्याच्या खेळण्यासारखे हलके दिसू लागते. धातूची साखळी आपोआप पडते तशी पडते. तिथे कारागिराला काही करावेच लागत नाही.

आता तारखेच्या प्रश्नाकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त भांडणे तिथेच आहेत. पँथरचे तीन मुख्य प्रकार झाले: आधी डी, मग ए, मग जी. (मुळाक्षरांचा हा क्रम असा का, ते मला विचारू नका.) चाकांच्या कडेला सुरुवातीला सोळा बोल्ट होते, पुढे चोवीस झाले. पण तारीख सांगणारी सर्वांत उत्तम खूण म्हणजे 'झिमेरिट'. ही एक लुकण होती. तीत बेरियम सल्फेट, लाकडाचा भुसा, पिवळी माती, चिकट द्रव्य असे काहीबाही असे. ओल्या गिलाव्यावर फणी ओढावी तशा रेघा काढून ती कारखान्यातच रणगाड्याला थापत. हेतू हा की शत्रूच्या सैनिकाने लोहचुंबकाचा सुरुंग आणून चिकटवला तर तो चिकटू नये. गंमत अशी की असे सुरुंग प्रामुख्याने खुद्द जर्मनांकडेच होते. आपल्याला सुचले ते शत्रूलाही सुचेल, या भीतीपोटी हजारो रणगाड्यांना लेप बसला; शत्रूने मात्र ती युक्ती फारशी उचलली नाही. लेप द्यायला सुरुवात झाली १९४३ च्या उन्हाळ्याअखेर, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तो थांबवला. गोळा लागला की लेप पेट घेतो, अशी आवई उठली होती. चाचण्यांत ती खोटी ठरली, पण लेप काही परत आला नाही.

म्हणजे पाहा, जेमतेम एक वर्षाची ही खूण. कुर्स्कच्या लढाईत जुलै १९४३ मध्ये पँथर पहिल्यांदा उतरला. दोनशे रणगाडे आणले होते, आणि आठवडाभरात त्यांतले बहुतेक सुरुंगांनी, तोफांनी आणि स्वतःच्याच यंत्रांच्या बिघाडाने बसून राहिले. त्या दोनशेंपैकी एकाच्याही अंगावर कारखान्यातला झिमेरिट असणे शक्य नाही. तरी कोणी हौसेने रेझिनच्या पातळ पत्र्यांचा तयार झिमेरिट विकत घेऊन कुर्स्कच्या पँथरवर चिकटवला, तर ते शिवकालीन पत्रात इंग्रजी तारीख सापडल्यासारखे होते. भाग अप्रतिम, पैसे दामदुप्पट, आणि कागद बनावट!

जोडभाग जितके जास्त तितकी प्रतिकृती खरी, हा समज याचसाठी भ्रामक आहे. पितळाचा पत्रा सपाट असतो. त्याने केलेली कुऱ्हाडीची मूठ सपाटच दिसते, तिथे साधे प्लॅस्टिक बरे. शिवाय फॅशन नावाची एक चीज आहे. युद्धातल्या छायाचित्रांत पाखे पुष्कळदा झाडाझुडपांत अडकून फाटलेले, निखळलेले दिसतात. आता प्रदर्शनात ठेवलेल्या दर दुसऱ्या रणगाड्याचा नेमका एक पाखा गायब असतो. त्यामागे पुरावा नसतो, रिवाज असतो, जसे नाटकातल्या गरिबाच्या सदऱ्याला एकच ठिगळ.

बरे, पुरावा म्हणून संग्रहालयात उभा असलेला खरा रणगाडा मोजावा, तर तिथेही जपून. इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात एक सुंदर पँथर आहे. जगभरच्या लोकांनी त्याचे फोटो काढले, मापे घेतली. पण तो पँथर कधी लढलेलाच नाही. युद्ध संपल्यावर जर्मन कारखान्यात उरलेल्या भागांतून, इंग्रज लष्कराच्या देखरेखीखाली, तिथल्याच कामगारांकडून तो जुळवून घेतला होता. म्हणजे एका अर्थी तोही किटच की! खऱ्याच भागांचा, खऱ्याच मापाचा. पण १९४४ सालच्या नॉर्मंडीतल्या एखाद्या पँथरवर काय काय होते, याची साक्ष त्याला देता येणार नाही.

माझा आणखी एक आक्षेप आहे आणि तो भागांबद्दल नाही, फळीबद्दल आहे. युद्धात पँथर बनले सुमारे सहा हजार. अमेरिकेचे शर्मन सुमारे एकोणपन्नास हजार. रशियाचे टी-३४ पन्नास हजारांहून अधिक. दुकानाची फळी पाहून तुम्हाला हे प्रमाण कधी कळणार नाही. जर्मन यंत्रे देखणी, त्यांचे प्रकार पुष्कळ, रंगांचे पट्टे विविध. म्हणून ती खपतात, म्हणून त्यांचेच जोडभाग जास्त निघतात, आणि जोडभाग निघतात म्हणून ती आणखी खपतात. चौदा वर्षांचा मुलगा या फळीपुढे उभा राहिला तर युद्ध बहुधा जर्मनांनीच जिंकले असावे, असे त्याला वाटेल. हे रणगाडे बनवणाऱ्या जर्मन शस्त्रकारखान्यांत अनेक देशांतून जबरीने पकडून आणलेली माणसे राबत होती. पाच माणसे त्या पँथरमध्ये बसत, आणि तो पेटला की त्यांना बाहेर पडायला फार थोडा वेळ मिळे. या कशाचाही जोडभाग मिळत नाही. मी ही हौस वाईट म्हणत नाही. माझ्याही टेबलावर चिमटा, कानस आणि भिंग आहे. पण ज्याला बोल्ट सोळा की चोवीस हे मोजता येते, त्याला हेही मोजता आले पाहिजे.

आता थोडे आपल्याकडे वळू, कारण रणगाड्यांची एक राजधानी आपल्याच मुलखात आहे. अहमदनगर, आता अहिल्यानगर, इथे चिलखती दलाचे केंद्र आहे, आणि १९९४ साली तिथे रणगाड्यांचे संग्रहालयही उघडले. चर्चिल, सेंच्युरियन, पॅटन, आपला विजयंता, हे सगळे तिथे उन्हात शेजारी शेजारी उभे आहेत. नगरच्या त्या केंद्रात एक सेंच्युरियन जपून ठेवला आहे, नाव 'फामागुस्ता'. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यातून लढले. त्यांचा जन्म पुण्याचा, १९५० सालचा, वय एकवीस. रणगाडा पेटला होता, मागे फिरण्याची आज्ञा आली होती, पण तोफ चालू आहे तोवर त्यांनी तो सोडला नाही, आणि तिथेच ते पडले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळाले. रणगाडा पाकिस्तानच्या ताब्यात गेला होता, तो मागाहून परत मिळाला आणि दुरुस्त करून नगरला आणला.

सेंच्युरियनची किटे जपानी कंपनीची आहेत, तैवानी कंपनीची आहेत. त्यांना लागणारे धातूचे पट्टे, नळ्या, पितळी पत्रे सगळे काही मिळते. आणि आता तर घरच्या टेबलावर त्रिमिती छपाईचे यंत्र ठेवून हवा तो भाग आपणच आखून काढता येतो. युरोपातल्या कारखानदाराला भारतीय रणगाड्याची आठवण होईल म्हणून वाट पाहत बसायला नको. तेव्हा 'फामागुस्ता' करायला अडचण कोणती? अडचण तीच, जुनी. नगरचा रणगाडा दुरुस्त झालेला आहे. दुरुस्ती म्हणजे नवा रंग, बदललेले भाग, भरलेले घाव. सेंच्युरियनच्या वीस पौंडी तोफेला पुढे धूर काढून टाकणारा फुगवटा आला, आधीच्या नळ्यांना तो नव्हता. बाजूचे पाखे कधी असत, कधी काढून ठेवलेले असत. बुरुजामागच्या टोपलीत जाळी, कॅनव्हास, पाण्याचे डबे, कोणाची वळकटी. १६ डिसेंबरच्या त्या सकाळी यांतले काय काय त्या एका रणगाड्यावर होते, हे आज उभ्या असलेल्या रणगाड्याला विचारून भागणार नाही. छायाचित्रे शोधावी लागतील, पलटणीच्या नोंदी पाहाव्या लागतील, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या रणगाड्यांत जी माणसे होती त्यांना गाठून विचारावे लागेल: टोपलीत काय होते, पाखे होते का, नाव कोणत्या बाजूला आणि कोणत्या रंगात लिहिले होते. त्या वेळी विशी-बाविशीत असलेली ही माणसे आज पंच्याहत्तरीच्या आगेमागे आहेत.